पानफुटीचा उपयोग

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या आणि नातीच्या शाळेतून एक फर्मान निघाले. प्रत्येक मुलाने घरी एक झाड वाढवायचे, दर आठवड्याला त्याची नोंद ठेवायची आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एक तक्ता भरून द्यायचा. तक्त्यात चार रकाने होते : नाव, कुळ, लागवड आणि उपयोग. मुलीचा फोन आला, "बाबा, सहजासहजी मरणार नाही असं एखादं झाड सांगा." तेवढ्यात नातीने फोन ओढून घेतला आणि आपली अट घातली, "आणि लवकर उगवणारं, आजोबा!"

दोन्ही अटींत बसणारे झाड माझ्या गॅलरीतच होते. रविवारी जाताना मी पानफुटीचे एक जाडजूड पान पाकिटात घालून नेले. आठ दिवसांनी फोनवर रडका आवाज आला. पान मेले होते. नातीने ते पेलाभर पाण्यात बुडवून ठेवले होते आणि सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी बदलले होते. पान आधी पिवळे पडले, मग बुळबुळीत झाले. "मी एवढी काळजी घेतली, तरी मेलं," ती म्हणाली. घेतलीस म्हणूनच मेले, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण आठ वर्षांच्या मुलीला असे सांगू नये. दुसरे पान नेऊन दिले आणि ते खिडकीजवळ बशीत नुसते ठेवून द्यायला सांगितले. पाणी नाही, माती नाही, हात लावणे नाही. दहाव्या दिवशी पानाच्या कडेच्या खाचांतून दोऱ्यासारखी गुलाबी मुळे बाहेर आली आणि त्यांच्या वर मोहरीएवढ्या इवल्या पानांच्या जोड्या. त्या दिवशी मला तिचे तीन फोन आले.

पुढच्या रविवारी आम्ही तक्ता भरायला बसलो. पहिले तीन रकाने तासाभरात झाले. चौथ्यापाशी पेन्सिल थांबली. "उपयोग काय लिहू, आजोबा? बाई म्हणाल्या, औषधी झाड असेल तर आजाराचं नाव लिहा."

"तो रकाना राहू दे," मी म्हणालो. "नंतर सांगतो."

नातीला तेवढ्यावर गप्प करता आले. पण ते उत्तर मी स्वतःलाच गेली चाळीस वर्षे देत आलो आहे. म्हणून आज तो तक्ता पहिल्या रकान्यापासून पुन्हा भरायला घेतला आहे.

नाव आपल्या मराठीत चोख आहे. पानातून फुटते ती पानफुटी. कुणी तिला पर्णबीज म्हणतात, अर्थ तोच. मात्र आपल्या शेजारच्या भाषांनी तिच्याकडे वेगळ्या बाजूने पाहिले. हिंदीत ती पत्थरचट्टा, बंगालीत पाथरकुची. तिथे पानाऐवजी दगड आला. कारण उघड आहे. भिंतीच्या फटीत, पडक्या ओट्यावर, देवळाच्या पायरीच्या सांध्यात, जिथे मूठभरसुद्धा माती नाही तिथे ही मजेत उभी असते.

दुसरा रकाना कुळाचा. शास्त्रज्ञ या कुळाला क्रॅसुलेसी म्हणतात. लॅटिन भाषेत 'क्रॅसस' म्हणजे जाड, गलेलठ्ठ. पानांवरून पडलेले नाव. या कुळातली युरोपातली प्रसिद्ध चुलत बहीण म्हणजे सेडम. तिचे इंग्रजी नाव स्टोनक्रॉप. पुन्हा दगड आलाच. ही सेडम आपल्या पानफुटीहून कणखर. बर्फाखाली महिनोन् महिने दबून राहते आणि वसंतात बुंध्यापाशी कोबीच्या चिमुकल्या गड्ड्यांसारखे कोंब काढते. तिच्या काही जाती चार बोटे मातीच्या थरावर जगतात, म्हणून हल्ली इमारतींच्या छपरांवर तिचे गालिचे अंथरतात. अमेरिकेत डिअरबॉर्न इथल्या फोर्ड मोटारींच्या कारखान्यावर २००३ साली दहा एकरांहून मोठे छप्पर अशा सेडमने झाकले. खाली मोटारी जोडल्या जातात आणि वर पावसाचे पाणी अडवत ही झाडे बसलेली असतात. आपल्या लडाखमध्ये भाजी आणि औषध म्हणून ओळखली जाणारी 'सोलो' याच कुळातली. एके काळी तिची गणतीही सेडममध्येच होत असे.

या कुळावर माणसांनी श्रद्धाही भरपूर ठेवली. युरोपातली आणखी एक चुलत बहीण, सेंपरव्हिव्हम, घराच्या छपरावर लावली की वीज पडत नाही, असा तिकडे समज होता. सुमारे इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेन राजाच्या दरबारातून निघालेल्या हुकूमनाम्यात माळ्याने ती आपल्या घरावर लावावी असे कलम आहे. दगडावर, कौलावर जगते म्हणजे हिच्यात काहीतरी दैवी असणार, हा विचार माणसाला कुठेही सुचतो. आपल्याकडे तो थोडा वेगळ्या वाटेने आला. त्याबद्दल पुढे.

पानफुटी मुळात आपली नव्हे. तिचे माहेर मादागास्कर बेट. पण माणसाच्या हातून ती जगभर गेली. जर्मन कवी गटे म्हातारपणी तिच्या प्रेमात पडला होता. वायमारच्या घरी तो ती वाढवी आणि स्नेह्यांना तिची पाने आणि रोपे भेट देई. पान हाच वनस्पतीचा मूळ अवयव आहे, बाकी सारी त्याचीच रूपे, असे त्याने १७९० साली मांडले होते. एका पानातून अख्खे झाड उठताना पाहून त्याला काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

तिसरा रकाना, लागवड. खरे तर पानफुटी लावायची नसते, ती ठेवायची असते. जून झालेले, न चिरलेले पान घ्यावे आणि ओलसर मातीवर आडवे ठेवून द्यावे. पुरू नये. थेट ऊन नको, उजेड हवा. आठ-पंधरा दिवसांत कडेच्या खाचा जाग्या होतात. झाडाला पान असते तोवर या खाचांतले जीव बहुधा निजलेले असतात. पान आईपासून तुटले, की त्यांना कळते की आता आपले आपल्यालाच बघायचे आहे. मूळचे पान त्यांना पोसत पोसत सुकते. रोपे दोन-तीन बोटे उंच झाली की एकेक वेगळे करून कुंडीत लावावे. मातीत निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि मूठभर जुने शेणखत पुरे. कुंडीला खाली भोक हवेच, आणि ते मोकळे हवे.

पाण्याचा नियम एकच : वरची माती बोटभर कोरडी झाल्याखेरीज पाणी नाही. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, हिवाळ्यात एकदा, आणि पावसाळ्यात पाण्याचे नावच काढू नये. कुंडी पन्हळीच्या धारेखाली असेल तर वळचणीला घ्यावी. अर्धा दिवस ऊन मिळाले तर झाड ठेंगणे आणि पानांच्या कडा लालसर होतात. सावलीत ते उंच, लुळे होते. मग शेंडा खुडावा. खुडलेला शेंडा कुंडीत खोचला की तोही लागतो. पिठ्या ढेकूण दिसले तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून काढावेत. थंडी सरता सरता लांब दांड्यावर कंदिलांसारखी फुले लोंबतात. लहानपणी आम्ही ती कपाळावर आपटून फोडत असू. फट्ट असा आवाज होई.

रोपवाटिकेत आता सेडमही छोट्या कुंडीत मिळते. ती आणली तर तिलाही हाच नियम, फक्त आणखी कडक. आपला उन्हाळा ती काढते. आपला पावसाळा तिला मारतो. छपराखाली ठेवावी.

इतक्या कमी पाण्यावर या कुळाचे कसे भागते? मी जन्मभर बँकेत काम केले, त्यामुळे मला त्यांचा व्यवहार चटकन समजला. इतर झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. त्या उघड्या छिद्रांतून पाणीही उडून जाते. ही मंडळी दिवसा दारे लावून बसतात. रात्री गारव्यात ती उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. सफरचंदात असते तेच हे आम्ल. दिवसा, दारे बंद ठेवून, उन्हाच्या मदतीने ती ठेव मोडून खातात. रात्री जमा, दिवसा खर्च.

ही गोष्ट जगाला कळायला आपला देश कारणी लागला. बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण हिंदुस्थानात होते. त्यांनी आपल्या बागेतल्या पानफुटीची पाने चाखून पाहिली. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. हे निरीक्षण त्यांनी पत्राने लंडनला कळवले आणि १८१५ साली लिनियन सोसायटीने ते छापले. पुढे ज्या प्रक्रियेला या कुळाचेच नाव मिळाले, तिच्या अभ्यासात या चवीच्या नोंदीचा मान फार वरचा आहे.

चवीचा हा फरक माझ्या आईला ठाऊक होता. तिने लिनियन सोसायटीचे नाव कधी ऐकले नव्हते. पण "पान सकाळी काढायचं, तेव्हा त्यात गुण असतो," असे ती म्हणे. सकाळी ते आंबट लागे आणि आंबटपणा म्हणजे गुण, असा तिचा हिशेब.

आमचे घर कराडजवळच्या एका गावात. अण्णा प्राथमिक शाळेत गुरुजी. घराला काळ्या दगडांचा गडगा होता आणि त्याच्या फटीफटींतून पानफुटी उगवलेली. ती कुणी लावली ते माहीत नाही. आईकडे बायका येत. "गुरुजींच्या बाई, दोन पानं द्या," म्हणत. कुणाला भाजले, कुणाला गळू झाले, की पान शेकून बांधायचे. आणि मुतखडा असेल तर सकाळी अनशापोटी दोन पानांचा रस, चार मिरे घालून. दगडावर उगवते म्हणजे दगड फोडते. यात आईला, शेजारणींना आणि अण्णांना कधी शंका आली नाही. मलाही नाही. मी विज्ञानाचा पदवीधर होतो.

या औषधाला यश यायचे, हेही खरे. ते का यायचे, हे मला फार उशिरा कळले. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआपच लघवीवाटे पडून जातात. भरपूर पाणी प्यायल्याने त्याला मदत होते. रसानंतर आई प्रत्येकाला दोन तांबे पाणी समोर बसून प्यायला लावी. त्या पाण्याचा आणि निसर्गाचा गुण पानाच्या खात्यावर जमा होई. ज्यांना गुण येत नसे ते परत सांगायला येत नसत. नावे पडायची बाजू कोरीच राही.

१९८३ च्या श्रावणात अण्णांच्या डाव्या कुशीत कळ आली. ते जमिनीवर लोळले, असे आईने मागून सांगितले. तिने लगेच रस सुरू केला. बाराव्या दिवशी कळ थांबली. गावात पानफुटीचा बोलबाला झाला. मी तेव्हा बँकेत नुकताच अधिकारी म्हणून लागलो होतो आणि खानदेशातल्या एका शाखेत होतो. तिथे माझ्या मॅनेजरांना मुतखड्याचा त्रास होता. त्यांना मी मोठ्या ऐटीत अण्णांचे उदाहरण सांगितले. दिवाळीहून परतताना एका खातेवहीत दोन पानेही घालून आणली होती. एक त्यांना दिले, दुसरे वहीतच विसरले. महिन्याने वही उघडली तर त्याला मुळे फुटली होती.

१९८४ च्या नोव्हेंबरात अण्णांचे पत्र आले. कळ नाही, पण कुशीत जड वाटते. मधून कणकण येते. मिरजेला जाऊन दाखवावे का? तू आलास तर बरे होईल, एकट्याने जायचे मनात येत नाही.

बँकांचे वार्षिक हिशेब तेव्हा डिसेंबरअखेरीस बंद होत. मार्चअखेर पुढे १९८९ पासून आली. क्लोजिंगचा तो माझा दुसराच हंगाम. रात्री अकरापर्यंत व्याजाची गणिते चालत, आणि एका पैशाचा फरक निघाला तरी सगळे पहिल्यापासून. मी आंतरदेशीय पत्रावर उत्तर लिहिले. पानफुटी चालू ठेवावी, मागे गुण आलाच आहे. क्लोजिंग झाले की येतो, मग मिरजेला जाऊ.

जानेवारीत ऑडिट निघाले. फेब्रुवारीत मी एक दिवस गावी जाऊन आलो. अण्णा म्हणाले, आता बरे आहे. मीही हुश्श केले. मिरज राहून गेली.

१९८५ च्या दिवाळीत अण्णांना हुडहुडी भरून ताप आला. या वेळी मी घरीच होतो. गाडी करून आम्ही त्यांना मिरजेच्या एका रुग्णालयात नेले. शिरेतून औषध टोचून एक्स-रे काढले. उजवे मूत्रपिंड फोटोत पांढरे उमटले. डावीकडे काहीच उमटले नाही. खडा मूत्रनलिकेत अडकून बसला होता. वरून येणारे पाणी तुंबून तुंबून मूत्रपिंड फुगले, निकामी झाले आणि शेवटी त्यात पू झाला. ते काढावे लागले.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले. मी त्यांना पानफुटीचे सांगितले. ते चिडले नाहीत. म्हणाले, "पानाने खडा वाढला नाही आणि विरघळलाही नाही. कळ थांबली ती आपोआप. पूर्ण तुंबलं की पुष्कळदा दुखायचं थांबतं. लोकांना वाटतं, खडा पडला." मी विचारले, "वर्षापूर्वी आणलं असतं तर?" ते क्षणभर थांबले. "कदाचित वाचलं असतं, कदाचित नसतं. पण बघायला तर हवं होतं."

हे वाक्य मी आईला सांगितले नाही. पहिला भाग तेवढा सांगितला.

मिरजेहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आई विळा घेऊन गडग्याकडे गेली. तासाभरात तिने सगळी पानफुटी छाटली, उपटली, तुडवली आणि पाट्या भरभरून उकिरड्यावर फेकली. मी ओसरीवरून पाहत होतो. तिला थांबवावे, माझ्या पत्राचे काही बोलावे, असे वाटले. पण अण्णा आत झोपले होते, आई रडत होती, आणि झाडावर राग निघतोय तर निघू दे, असा शहाणपणाचा विचार मी केला. तो विचार माझ्या फार सोयीचा होता.

पानफुटीला मारायची ही रीत नव्हे, हे आता वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. पुढच्या पावसाळ्यात मी गावी गेलो तेव्हा उकिरडा हिरवागार होता. पाट्यांमधून सांडलेल्या पानांची वाट गोठ्यापासून उकिरड्यापर्यंत उगवली होती. गडग्याच्या फटींत तुटकी पाने राहिली होती, तिथे पूर्वीपेक्षा दाट. मी खुरपे शोधू लागलो. आई म्हणाली, "राहू दे. तिचा काय दोष? आपणच तिला डॉक्टर केलं."

त्यानंतर तिने पाने देणे बंद केले. कुणी आलेच तर म्हणे, "आधी मिरजेला फोटो काढा, मग माझ्याकडे या." अण्णा एका मूत्रपिंडावर आणखी चोवीस वर्षे उत्तम जगले. २००९ साली गेले ते वयाने.

आई २०१६ मध्ये गेली. तिची ट्रंक मी उघडली. तळाशी मिरजेच्या रुग्णालयाची कागदपत्रे फडक्यात बांधलेली होती. त्यात माझे ते आंतरदेशीय पत्र होते. 'ती. अण्णांस शि. सा. न.' पासून सगळे माझ्या अक्षरात. आणि कोऱ्या राहिलेल्या घडीवर पेन्सिलीने आईच्या अक्षरात दुधाचा हिशेब. डिसेंबर १९८४ चा. रोज एक लिटर, दोन दिवस खाडा.

म्हणजे तिने ते तेव्हाच वाचले होते. गडग्यावर विळा चालवत होती तेव्हा तिला सारे ठाऊक होते. 'आपणच' म्हणाली तेव्हाही. एकतीस वर्षांत तिने एका शब्दाने विचारले नाही. आणि मी, पुढे सहा कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत बाप आणि मुलगे पुष्कळ आणले, पण ते पत्र कुठे येऊ दिले नाही.

गावचे घर विकताना गडग्यावरचे एक पान मी खिशात घालून आणले. त्याचीच झाडे आज माझ्या गॅलरीत आहेत.

आता चौथा रकाना. पानफुटीच्या रसावर प्रयोगशाळांतून काम झाले आहे, होत आहे. पण प्रयोगशाळेतली नळी म्हणजे माणसाची मूत्रनलिका नव्हे. या झाडात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्येही असतात. ऑस्ट्रेलियात पानफुटी आणि तिच्या बहिणी खाऊन गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा घरी गाय, शेळी असेल तर कुंडी तिच्या तोंडापासून दूर ठेवावी आणि आपणही सकाळची चव हाइन साहेबांवर सोपवावी. कुशीत कळ आली तर आज तालुक्याच्या गावीही सोनोग्राफी होते. आणि कळ थांबली म्हणून तपासणी टाळू नये. कळ थांबणे आणि खडा पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक. वाढलेली झाडे काढून टेकडीवर किंवा ओढ्याकाठी फेकू नका. गॅलापागोस आणि हवाई बेटांवर हीच पानफुटी रान माजवून बसली आहे आणि तिथल्या मूळच्या झाडांना जागा उरेनाशी झाली आहे. जिच्या एका पानातून दहा झाडे होतात, तिला मोकळे रान देऊ नये. कुंडीत ती शहाण्यासारखी राहते.

गणपतीनंतर नात माझ्याकडे राहायला आली होती. तिने गॅलरीतल्या पानफुटीचे एक पान दाखवले. "आजोबा, हे आजारी आहे." पानावर पांढुरका फोड आल्यासारखे झाले होते. उन्हासमोर धरून पाहिले तर पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये एक अळी गर खात पुढे सरकत होती. मी फवारणी केली नाही. आम्ही दोघांनी ती कुंडी रोज पाहिली. अळी बाहेर आली, पानाच्या देठाशी चिकटून तिचा कोश झाला, आणि एका सकाळी तिथे एक छोटे फुलपाखरू पंख वाळवत बसले होते. मिटलेल्या पंखांवर पांढऱ्यात काळे ठिपके आणि मागच्या पंखांवर भगवा-तांबडा पट्टा. इंग्रजीत त्याला रेड पिएरो म्हणतात. त्याची मादी पानफुटीवर आणि तिच्याच जवळच्या नातेवाईक झाडांवर अंडी घालते.

नात आतून तक्ता घेऊन आली. चौथ्या रकान्यात तिने माझ्याकडे न बघता लिहिले : 'फुलपाखराच्या पिल्लांचे खाणे.' मग पेन्सिल तोंडात धरून विचार केला आणि विचारले, "औषधाचं काही लिहायचं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "तिच्याकडून आपण ते काम काढून घेतलंय."

"का?"

तिला मी पणजोबांची गोष्ट सांगितली. पत्रासकट.